अधूनमधूनचा बिघाड : घरी जोडलेल्या संगणकाचे निदान

जे यंत्र साफ बंद पडते त्याची दुरुस्ती तुलनेने सोपी असते. एकेक भाग बदलून पाहावा. ज्या भागाने यंत्र चालू झाले, त्याच्या जागी आधी असलेला भाग दोषी. परंतु जे यंत्र चार दिवस निमूटपणे चालते आणि पाचव्या दिवशी सुरू होतानाच कोसळते, त्याला हा सरळ न्याय लागू पडत नाही. त्याचा कोणताही भाग बदला, दुसऱ्या दिवशी ते चालण्याचीच शक्यता जास्त असते. मग शेवटी ज्या भागाला हात लागला त्याला श्रेय मिळते आणि खरा दोषी पेटीत तसाच बसून राहतो. दुकानात नेले तर तेथे हे यंत्र शहाण्या मुलासारखे वागते. आमच्या भागातील एका दुरुस्तीवाल्यांना मी हा रोग कानडीत ‘ओम्मोम्मे’, म्हणजे कधीकधी होणारा, असा सांगितला, तेव्हा ते हसून म्हणाले की आमच्या धंद्यात हा शब्द ऐकला की पोटात गोळा येतो. कानडी विभागाच्या वाचकांना त्या हसण्यातली चव अधिक कळेल.

अशा ‘ओम्मोम्मे’ बिघाडाचा माग कसा काढावा, हे प्रस्तुत लेखात एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे मांडावयाचे आहे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण मी घेतलेले नाही. तरीही हा प्रश्न निम्मा विजेचा आणि निम्मा हिशेबाचा आहे असे माझे मत झाले आहे, आणि निम्म्या भागावर तरी आपला अधिकार चालतो.

उदाहरण आमच्याच घरचे. आमचा संगणक २०१७ साली मामेभावाने सुटे भाग आणून जोडला. त्यावर थोरली बहीण आठ छोट्या दुकानदारांचे जमाखर्च लिहिते व त्यांची जीएसटीची विवरणपत्रे भरते. दरमहा भरणाऱ्यांचे जीएसटीआर-३बी पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत जावे लागते. उशीर झाला तर कर देय असलेल्या विवरणपत्रावर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क बसते. रक्कम लहान, पण ते शुल्क दुसऱ्याच्या खिशातून जाते आणि विश्वास आपला जातो. गेल्या पावसाळ्यात हा संगणक सकाळी सुरू होता होता मध्येच बंद पडून पुन्हा आपोआप सुरू होऊ लागला. कधी निळा पडदा येई. एका दुकानात मदरबोर्ड, प्रोसेसर व रॅम तिन्ही बदलण्याचा सल्ला मिळाला आणि खर्चाचा आकडा १८,००० रुपये सांगण्यात आला. ताईची तीन महिन्यांची मिळकत त्यात गेली असती.

पहिला प्रश्न ‘काय बिघडले’ हा विचारू नये. ‘कोणत्या पायरीवर बिघडले’ हा विचारावा. बटण दाबल्यापासून काम सुरू होईपर्यंत बऱ्याच पायऱ्या असतात. भिंतीतील २३० व्होल्टची वीज प्रथम एसएमपीएसमध्ये जाते व तेथे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतरित होते. हे दाब स्थिर झाले की एसएमपीएस मदरबोर्डला ‘वीज ठीक आहे’ असा इशारा एका वेगळ्या तारेने देतो. तो इशारा मिळाल्यावरच प्रोसेसर कामाला लागतो. मग मदरबोर्डवरील बायोस हा प्रोग्राम रॅम, चित्र दाखविणारा भाग, डिस्क यांची हजेरी घेतो. या हजेरीला पोस्ट म्हणतात. हजेरी पुरी झाली की डिस्कवरून विंडोज वाचले जाते.

पंखेच फिरत नसतील तर बटण, सॉकेट, वायर आणि एसएमपीएस यांच्या पलीकडे जाण्याचे कारण नाही. पंखे फिरतात पण पडदा काळाच राहतो, तेव्हा संशय रॅमवर, तिच्या खाचेतील बसण्यावर, किंवा प्रोसेसरला स्वतंत्र वीज देणाऱ्या चार वा आठ पिनांच्या जोडणीवर घ्यावा. कंपनीचे चिन्ह दिसून विंडोजची गोल फिरणारी टिंबे आल्यावर बिघाड होत असेल तर डिस्क आणि विंडोजही आरोपींच्या पिंजऱ्यात येतात. बऱ्याच नव्या मदरबोर्डांवर प्रोसेसर, रॅम, चित्र आणि बूट असे चार बारीक दिवे असतात; जो पेटून राहतो तेथे गाडी अडली असे समजावे. एक गोष्ट मात्र बिघाड नसून बिघाडासारखी दिसते. डीडीआर-५ जातीची रॅम प्रथम बसविल्यावर मदरबोर्ड तिच्याशी जुळवून घेण्यात कित्येकदा काही मिनिटे घालवतो व तोवर पडदा काळा असतो. घाबरून मध्येच वीज बंद केली की ते जुळवणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

घरी जोडलेल्या यंत्राचे काही खास रोग आहेत, तेही येथेच तपासून घ्यावेत. मदरबोर्डच्या पाठीमागे कॅबिनेटच्या पत्र्यावर एखादा पितळी खुंटा नको त्या जागी राहून गेला तर बोर्डाला मागून स्पर्श होतो. वीजजोडणी अर्धवट बसलेली असते. समोरचे बटण अडकून राहते. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी टोक खोडरबराने हलकेच पुसण्याचा दुकानातील प्रघात पुष्कळदा खरोखरच उपयोगी पडतो, मात्र रबराचा चुरा खाचेत जाऊ देऊ नये. मदरबोर्डवरील नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल उतरला असेल तर घड्याळ मागची तारीख दाखवते, बायोसमधील नेमणुकी पुसल्या जातात, आणि तारीख चुकल्यामुळे सरकारी संकेतस्थळेही उघडत नाहीत. आमच्या यंत्रात यांपैकी काही सापडले नाही.

त्यानंतरचे काम म्हणजे वही. दोनशे पानी वहीत ताईने आणि मी रोजकीर्दीप्रमाणे नोंदी ठेवल्या : तारीख, वेळ, आदल्या वेळी यंत्र कधी बंद केले, बंद केले की नुसते रीस्टार्ट केले, रात्री भिंतीवरचे बटण चालू होते की बंद, पेन ड्राइव्ह किंवा प्रिंटर जोडलेला होता का, आणि कोणत्या पायरीवर काय झाले. येथे एक नियम काटेकोरपणे पाळावा लागतो. यंत्र नीट सुरू झाले तरी नोंद झालीच पाहिजे. माणूस बिघाडाचे दिवस लक्षात ठेवतो व चांगले दिवस विसरतो. पण जमेची बाजू कोरी ठेवून केवळ खर्च लिहिला तर शिल्लक कशी निघणार?

विंडोजमधील एक सोय या नोंदींत गोंधळ घालू शकते. २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची व्यवस्था आली. ती चालू असेल तर आपण ‘शट डाउन’ म्हणतो तेव्हा विंडोजचा गाभा पुरता बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते व दुसऱ्या दिवशी तीच परत उचलली जाते. उलट ‘रीस्टार्ट’ केल्यावर सगळे नव्याने सुरू होते. म्हणजे ज्याला आपण हलके समजतो ते रीस्टार्टच अधिक पूर्ण! एखादा बिघाड केवळ शट डाउननंतर होत असेल आणि रीस्टार्टनंतर होत नसेल, तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर पर्यायांत जाऊन ही सोय बंद करावी व मग पाहावे. आम्ही ती पहिल्याच दिवशी बंद केली. बिघाड चालूच राहिला.

२५ सकाळींची नोंद झाली तेव्हा बिघाड ५ वेळा झालेला होता. पाचही वेळा दिवसाच्या पहिल्या सुरुवातीला. दुपारी किंवा रीस्टार्टनंतर एकदाही नाही. आणि या पाचही दिवशी आदल्या रात्री आईने गडगडाट होतो म्हणून भिंतीवरचे बटण बंद केलेले होते. अशा बटण बंद असलेल्या रात्री एकूण ९ होत्या. बाकीच्या १६ रात्री बटण चालू होते, त्यांच्या सकाळी बिघाड शून्य. ही माहिती कोणत्याही दुकानातील यंत्राने आम्हांला दिली नसती.

आता सांख्यिकीच्या तासाला शिकलेले थोडेसे उपयोगात आणू. बिघाड सरासरीने पाच दिवसांतून एकदा होतो असे धरा. आपण रॅम बदलली, आणि ती खरे तर निर्दोष होती. तरी पुढचे तीन दिवस यंत्र विनातक्रार चालण्याची संभाव्यता ४/५ चा घन, म्हणजे सुमारे ५१ टक्के. नाणे उडवण्याइतकीच! तीन दिवस चालले म्हणून पेढे वाटणारे किती फसत असतील, हे यावरून दिसते. ही नुसत्या नशिबाची शक्यता ५ टक्क्यांच्या खाली आणावयाची तर सलग १४ सकाळी वाट पाहावी लागते. पण अट सापडली की गणित पालटते. भिंतीचे बटण रात्री बंद ठेवले तर बिघाड ९ पैकी ५ वेळा होतो. अशा ४ सकाळी सलग सुखरूप जाण्याची संभाव्यता ४/९ चा चतुर्थ घात, म्हणजे ३.९ टक्के. पंधरवड्याचे काम चार दिवसांवर आले. नऊ दिवसांच्या नमुन्यावर एवढा भार टाकलेला पाहून आमचे प्राध्यापक भुवया उंचावतील, म्हणून पुढे आम्ही चारऐवजी आठ सकाळींची मर्यादा ठेवली. बिघाड कमी करण्याच्या आधी तो वाढवावा लागतो, ही गोष्ट घरच्यांना समजावताना मात्र पुरेवाट झाली.

संगणक स्वतः देत असलेल्या संदेशांवर किती विसंबावे? विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१ क्रमांकाची ‘कर्नल-पॉवर’ अशी नोंद पुष्कळांना दिसते आणि ‘पॉवर’ हा शब्द वाचून ते लगेच विजेचा निष्कर्ष काढतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले. तो पंचनामा आहे. प्रेत सापडले एवढे तो सांगतो, मारेकरी कोण हे सांगत नाही. निळ्या पडद्यावरील शब्दांचेही तसेच. (नव्या विंडोज ११ मध्ये २०२५ पासून हा पडदा काळा झाला आहे, पण नाव अजून निळेच चालते.) एकच संदेश पुनःपुन्हा येत असेल व त्यात एखाद्या ड्रायव्हरचे नाव असेल तर तिकडे पाहावे. आमच्याकडे मात्र एकदा ‘मेमरी मॅनेजमेंट’, एकदा ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, तर तीनदा काहीच नाही, असा प्रकार होता. साक्षीदार दरवेळी निराळी जबानी देतो तेव्हा दोष बहुधा आज्ञावलीत नसून खालच्या भागांत, म्हणजे रॅम, वीज, बोर्ड यांत कोठे तरी असतो.

रॅम तपासण्यासाठी मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून चालवता येतो. तो विंडोजला हातही लावत नाही. सर्वत्र सल्ला असा मिळतो की तो रात्रभर चालवावा. आम्ही चालवला; एकही चूक निघाली नाही. परंतु या निकालाची किंमत किती? बिघाड थंड यंत्रात होतो आणि रात्रभर चालणारे यंत्र ऊबदार असते. तेरीज जुळली म्हणजे खाती निर्दोष ठरत नाहीत, हे आपण पहिल्याच वर्षी शिकतो. चूक ज्या जागी असू शकते ती जागाच तेरीज तपासत नसेल तर ती जुळणारच. म्हणून परीक्षा बिघाडाच्याच अटीवर घेतली. डिस्कची वायर काढून ठेवली, रात्री भिंतीचे बटण बंद केले, आणि सकाळी पेन ड्राइव्हवरून थेट मेमटेस्ट सुरू केला. रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी आळीपाळीने एकच ठेवली. सहा सकाळींत तीनदा यंत्र मिनिटाच्या आत पडले, एकदा पहिली पट्टी असताना व दोनदा दुसरी असताना. चुकीची एकही ओळ पडद्यावर आली नाही.

या छोट्या प्रयोगाने बरेच आरोपी सुटले. विंडोज चालूच नव्हते, म्हणून विंडोज आणि सगळे ड्रायव्हर सुटले. डिस्क जोडलेली नव्हती, म्हणून डिस्क सुटली. दोन्ही पट्ट्या एकाच वेळी एकाच रीतीने बिघडण्याचा संभव फार थोडा. उरले एसएमपीएस, मदरबोर्ड आणि प्रोसेसर. यांपैकी बदलून पाहण्यास सर्वांत स्वस्त व सोपा कोणता, तर एसएमपीएस. आमचा एसएमपीएस कॅबिनेटबरोबर आलेला होता, आणि स्वस्त कॅबिनेटबरोबर जे येते ते कशा प्रतीचे असते हे वेगळे सांगायला नको.

थंडीचा संबंध काय? एसएमपीएसमध्ये वीज स्थिर ठेवण्यासाठी द्रवयुक्त कपॅसिटर असतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो द्रव आटत जातो व कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो. हा रोध थंडपणी अधिक आणि ऊब आल्यावर कमी असतो. त्यामुळे म्हातारा एसएमपीएस पहिल्या एक-दोन प्रयत्नांत अडखळतो आणि थोडा तापला की दिवसभर चालतो. भिंतीचे बटण चालू असेल तर संगणक बंद असतानाही एसएमपीएसचा ५ व्होल्टचा छोटा राखीव विभाग जागा राहतो व त्याला किंचित ऊब मिळते. बटण बंद केले की तीही नाही. बेळगावात पावसाळ्यातील पहाटे पारा विसाच्या आसपास असतो, तेवढे त्याला पुरते.

मल्टिमीटर लावून हे कळेल का, असे काही मित्रांनी विचारले. १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ ही मान्य मर्यादा आहे, आणि आमच्या तारेवर ११.९ दिसले. पण साधा मल्टिमीटर सरासरी दाखवतो. विजेतील जलद थरथर, जी १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्टपेक्षा अधिक असू नये असा दंडक आहे, ती त्याला दिसत नाही. तिला ऑसिलोस्कोप लागतो. मल्टिमीटरने नापास केले तर खरे मानावे. पास केले तर निकाल राखून ठेवावा. एसएमपीएसची पेटी मात्र कोणीही उघडू नये. आतील मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर दाब असतो व वायर काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

एका कन्नड भाषिक वर्गमित्राने आपल्या यंत्रातील एसएमपीएस दिवाळीच्या सुटीपुरता उसना दिला. उसना घेताना तारांसह घ्यावा. काही एसएमपीएसच्या तारा पेटीपासून सुटणाऱ्या असतात, आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या पेटीकडील टोकांतील पिनांचा क्रम एकसारखा नसतो. एकाच्या तारा दुसऱ्याला लावल्यास डिस्क किंवा बोर्ड जळू शकतो. आठ रात्री बटण बंद, आठ सकाळी सुरुवात निर्वेध. दोष तसाच असता तर हे नुसत्या योगायोगाने घडण्याची संभाव्यता हजारात दीड. तरी येथे थांबलो नाही. जुना एसएमपीएस मुद्दाम परत बसविला, डिस्क काढूनच. दुसऱ्या सकाळी यंत्र पडले, चौथ्या सकाळी पुन्हा पडले. भाग बदलल्याने बिघाड गेला हे अर्धे प्रमाण; भाग परत आणल्याने बिघाड परत आला हे पुरे. पहिल्या अर्ध्यात तारा हलल्याचा, रॅम पुन्हा दाबून बसल्याचाही वाटा असू शकतो.

मोठ्या कंपन्यांच्या बाबतीतही हा गोंधळ घडतो. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर अधूनमधून कोसळत असल्याच्या तक्रारी होत्या. खेळ सुरू करताना पडद्यावर चित्रकार्डाची मेमरी अपुरी असल्याचा संदेश येई, आणि लोक चित्रकार्डाकडे बोट दाखवीत. जुलै २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केले की प्रोसेसरच्या आतील मायक्रोकोड गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे सुधारित मायक्रोकोड बायोसमार्फत देण्यात आले. ज्या प्रोसेसरची झीज आधीच झाली होती ते यामुळे बरे होणारे नव्हते. त्यांच्यासाठी हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविण्यात आली. ज्यांच्याकडे या पिढ्यांचा प्रोसेसर आहे त्यांनी बायोसची तारीख आजच पाहावी, आणि खरेदीची पावती जपून ठेवावी.

आमच्या घरी ४५० वॉटचा नवा एसएमपीएस २,६०० रुपयांना आला. त्याच्यावर ‘८० प्लस’ असा शिक्का आहे. हा शिक्का भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती कामी लागते एवढेच सांगतो. कपॅसिटर किती वर्षे टिकतील हे त्यात नाही, त्यासाठी हमीची वर्षे पाहावीत. नोंदवही त्यानंतर महिनाभर चालू ठेवली व मग ताईने तिची उरलेली पाने खरेदीच्या बिलांसाठी घेतली. वर्गमित्राचा उसना एसएमपीएस परत गेल्यावर आणखी दोन घरी याच परीक्षेसाठी जाऊन आला आहे. तो कोणाकडे, केव्हा गेला याची नोंद तो वहीत कानडीत ठेवतो.